डिस्क गोल्फ : गवतात हरवलेले मैदान

अमेरिकेत मुलांकडे काही महिन्यांसाठी गेलेले मराठी आई-वडील सकाळी जवळच्या सार्वजनिक उद्यानात फिरायला जातात, तेव्हा कधी कधी एक चमत्कारिक वस्तू त्यांच्या दृष्टीस पडते. गवतात रोवलेला लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावरील कड्यातून खाली लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्याखाली मांडीच्या उंचीवर बसवलेली गोल जाळीदार टोपली. ही कचरापेटी नव्हे आणि बास्केटबॉलचेही साधन नव्हे. डिस्क गोल्फ नावाच्या खेळाचे ते लक्ष्य होय. टोपलीभोवती कमरेएवढे गवत माजलेले असेल, साखळ्यांना गंज चढला असेल आणि क्रमांकाची पाटी उन्हाने पांढरी पडली असेल, तर ते मैदान बेवारस झाले आहे, असे खुशाल समजावे. अशा मैदानावरही खेळता येते. मात्र त्यासाठी खेळाची थोडी माहिती आणि बरीच सावधगिरी लागते.

खेळ समजण्यास सोपा आहे. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारतात, येथे हाताने प्लास्टिकची तबकडी फेकतात. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक करायची, तबकडी जेथे पडेल तेथून दुसरी आणि टोपलीत विसावेपर्यंत असेच पुढे जायचे. कमीत कमी फेकींत सर्व होल पूर्ण करणारा जिंकतो. मैदान नऊ किंवा अठरा होलचे असते. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेकताना तोल सांभाळावा लागतो. तबकडी सोडल्यानंतर तोल जाऊन पुढे पाऊल पडले तर तो नियमभंग ठरतो. साखळ्या शोभेसाठी नसतात. वेगाने आलेल्या तबकडीचा जोर त्या शोषून घेतात आणि तिला खाली टोपलीत पाडतात. एका बाजूच्या साखळ्या तुटल्या असतील तर अचूक नेम धरूनही तबकडी आरपार निघून जाते.

‘उडत्या तबकडी’चा वारसा

मराठीत आपण ‘उडती तबकडी’ म्हणतो, त्या कल्पनेशी या खेळण्याचे खरोखरच नाते आहे. परग्रहवासीयांच्या यानांच्या अफवांनी अमेरिका झपाटलेली असताना वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांनी केलेली तबकडी १९५७ मध्ये व्हॅम-ओ या खेळणी कंपनीने ‘प्लुटो प्लॅटर’ या नावाने बाजारात आणली. पुढे तिलाच ‘फ्रिसबी’ हे नाव मिळाले. याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे दिले, त्यामुळे ती हवेत स्थिर राहू लागली. १९६७ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

तबकडीने गोल्फ खेळण्याची कल्पना मात्र एकट्या हेड्रिक यांची नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १९२६ च्या सुमारास शाळकरी मुले डब्यांच्या पत्र्याच्या झाकणांनी असाच खेळ खेळत असल्याची नोंद आहे. हेड्रिक यांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी या खेळाला कायमची जागा आणि कायमचे लक्ष्य दिले. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ मध्ये उभारलेले मैदान हे पहिले कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान मानले जाते. प्रारंभी तेथे नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की चाटून गेली, यावरून वाद होत. त्यावर तोडगा म्हणून साखळ्यांची टोपली आली आणि १९७७ मध्ये तिचेही पेटंट झाले. खेळाच्या नियमांची जबाबदारी सांभाळणारी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संस्थाही १९७६ ची. हेड्रिक २००२ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. वेडाचा असाही एक प्रकार असतो!

दुर्लक्ष का होते?

जगात आज पंधरा हजारांहून अधिक डिस्क गोल्फ मैदाने आहेत. त्यांतील मोठा वाटा अमेरिकेचा असून फिनलंड, एस्टोनिया, आइसलँड अशा देशांतही हा खेळ चांगलाच रुजला आहे. बहुसंख्य मैदाने सार्वजनिक उद्यानांत आणि विनामूल्य आहेत. आपल्याकडे गोल्फ म्हटले की क्लबचे सदस्यत्व, हिरवळ राखणारे माळी आणि मोटारींची रांग डोळ्यांपुढे येते. येथे यातले काहीच नाही. एका होलला साधारण एक एकर जागा धरली तरी पुरते, झाडे तोडावी लागत नाहीत, चढउतार असतील तर उत्तमच. टोपल्या रोवल्या, टीसाठी काँक्रीटचे छोटे चौथरे केले आणि पाट्या लावल्या की मैदान तयार.

हाच स्वस्तपणा पुढे अंगाशी येतो, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. उभारणीचा खर्च एकदाच मंजूर होतो, परंतु देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद राहतेच असे नाही. तिकीट नाही, त्यामुळे उत्पन्न नाही. फाटक नाही, त्यामुळे किती लोक खेळतात याची मोजदादही नाही. जमीन नगरपालिकेची असली तरी गवत काढणे, पाट्या रंगवणे ही कामे पुष्कळ ठिकाणी स्थानिक क्लबचे स्वयंसेवक करतात. त्यांतील दोन-चार उत्साही मंडळी गाव सोडून गेली की दोन पावसाळ्यांत मैदान ओळखू येत नाही. गवत वाढले की तबकड्या हरवतात, तबकड्या हरवू लागल्या की खेळाडू येईनासे होतात आणि पायांखाली दबणारे गवत आणखी वाढते. उलट टोकाची अवस्थाही वाईटच. फार गर्दीच्या मैदानावर टोपलीभोवतीची माती दगडासारखी घट्ट होते, झाडांची मुळे उघडी पडतात आणि वारंवार तबकड्या आदळून खोडांच्या साली सोलवटतात. म्हणूनच चांगल्या मैदानांवर एका होलसाठी टोपलीच्या दोन-तीन जागा ठेवतात आणि ती आलटून पालटून हलवतात.

वाट कशी शोधावी?

ओसाड मैदानावर पहिली अडचण नेमाची नसते, पुढचा टी कोठे आहे ही असते. पाटी नसेल तर टोपलीचा तळ निरखून पाहावा. अनेक ठिकाणी तळाला एक रंगीत बोल्ट किंवा बाण असतो आणि तो पुढील टीची दिशा दाखवतो. जमिनीत नुसती पोकळ नळी दिसली तर टोपली चोरीस गेली असे लगेच मानू नये. ती वर सांगितलेल्या पर्यायी जागांपैकी एक असू शकते. काँक्रीटचा चौथरा नसेल तर टाचा फिरून पडलेला मातीतील खळगा टीची जागा सांगतो. अशा खळग्यात पाणी साचते आणि पाय घसरतो. तेथे धावत येऊन फेकण्यापेक्षा उभ्यानेच फेकलेले बरे.

तबकडी भडक रंगाची घ्यावी आणि शक्यतो संथ उडणारी. लांब पल्ल्याच्या तबकडीची कड धारदार असते, ती जोरात जाते आणि तितक्याच जोरात भरकटते. उंच गवतात ती घसरत शिरली की सापडणे कठीण. नियमानुसार शोधण्यासाठी तीन मिनिटे मिळतात. न सापडल्यास एका फेकीचा दंड आणि पुन्हा आधीच्या जागेवरून फेक. तबकडीच्या मागे फोन क्रमांक लिहून ठेवण्याची तेथील खेळाडूंची पद्धत असून सापडलेली तबकडी मालकाला परत करणे शिष्टाचार मानला जातो.

फांदी आड आली तर ती मोडता येत नाही, मागे ओढून धरताही येत नाही. झाडाला कमीत कमी धक्का लागेल असे उभे राहून फेकायचे. पायाखालचा पालापाचोळा किंवा सुटी काटकी तेवढी दूर करता येते. बेवारस मैदानावर हा नियम जाचक वाटतो खरा, परंतु त्यामुळेच उद्यानाची झाडे वाचतात.

गवतात हात घालण्यापूर्वी मात्र दोनदा विचार करावा. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर पॉयझन ओक नावाचे झुडूप सर्रास आढळते. त्याची पाने तीन-तीनच्या झुबक्यांत येतात आणि स्पर्शाने त्वचेवर खाजरे फोड उठतात. पूर्वेकडे हीच भीती पॉयझन आयव्ही या वेलीची. ईशान्येकडील राज्यांत गोचिडींमुळे लाइम रोगाचा धोका असतो. पूर्ण लांबीची पँट, बंद बूट आणि घरी परतल्यावर अंग तपासणे एवढे केले तरी बरेच.

खरी जोखीम मात्र इतरांना असते. पाट्या गेल्या की चालणाऱ्यांना आपण खेळाच्या मार्गात उभे आहोत हे कळत नाही. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची टणक तबकडी डोक्याला लागली तर इजा गंभीर होऊ शकते. मूल, कुत्रा, बाबागाडी, कोणीही टप्प्यात दिसले तर थांबावे. वळणापलीकडचे दिसत नसेल तर सोबत्याला पुढे उभे करावे.

डागडुजीचा क्रम

मैदान पुन्हा उभे करायचे झाल्यास लोकांना आधी नव्या टोपल्यांची हौस येते. वास्तविक जस्ताचा मुलामा दिलेली टोपली हीच तेथील सर्वांत टिकाऊ वस्तू. आधी पाट्या आणि टी दुरुस्त करावेत, कारण वाट सापडली की माणसे येतात आणि माणसे आली की पायवाटा आपोआप मोकळ्या राहतात. उघड्या मुळांवर लाकडाच्या ढलप्यांचा थर द्यावा, गंजलेल्या साखळ्या बदलाव्यात. यांतील कोणतेही काम, अगदी गवत कापण्याचेसुद्धा, उद्यान विभागाची परवानगी घेतल्याशिवाय करू नये. जागा सार्वजनिक आहे, याचा अर्थ कोणीही कोयता घेऊन शिरावे असा होत नाही. आणि खेळायला कोणीच उरले नसेल, तर टोपल्या काढून ज्या उद्यानात मागणी आहे तेथे बसवणे हा मार्गही खुला असतो. खांब नळीत कुलपाने अडकवलेला असल्यास तो उपसून नेण्याचे काम फार मोठे नाही.