रावेन्नाची समाधी आणि एक ऐकीव वाक्य

इटलीतल्या रावेन्ना शहरात, सान व्हिताले चर्चच्या उत्तरेला, क्रुसाच्या आकाराची विटांची एक बसकी वास्तू आहे. लांबी जेमतेम पावणेतेरा मीटर, रुंदी सव्वादहा. बाहेरून एखादे जुने कोठार वाटावे इतकी ती साधी आहे. सारे जग तिला गाला प्लासिदियाची समाधी म्हणून ओळखते. गाला ही सम्राट पहिल्या थिओदोसियसची मुलगी, होनोरियसची सावत्र बहीण आणि तिसऱ्या व्हॅलेंटिनियनची आई. इ.स. ४२५ मध्ये तिचा सहा वर्षांचा मुलगा गादीवर आला आणि पश्चिम रोमन साम्राज्याचा कारभार पुढची बरीच वर्षे तिनेच पाहिला. या वास्तूला तिचे नाव कोणत्या आधारावर मिळाले, ते तपासण्यासारखे आहे.

हा शोध नवव्या शतकातल्या एका माणसापाशी पोहोचतो. रावेन्नाचा धर्मगुरू आग्नेल्लुस याने तिथल्या बिशपांची चरित्रे इ.स. ८३०च्या दशकापासून लिहायला घेतली. गाला संत नाझारियसच्या प्रार्थनागृहात, वेदीसमोर, कठड्याच्या आत पुरलेली आहे, असे तो नोंदवतो. तो कठडा पूर्वी ब्राँझचा होता, आता दगडी दिसतो, अशी बारीक माहितीही देतो. मात्र त्याच वाक्यात, अनेक जण असे सांगतात, हे शब्दही त्याने घातले आहेत.

आग्नेल्लुसची लेखनाची सवय ठाऊक असली की या शब्दांचे वजन कळते. गालाने बांधलेल्या संत योहानाच्या चर्चमधला अर्पणलेख त्याने उतरवून ठेवला आहे. समुद्रातल्या संकटातून सुटका झाल्याबद्दल गाला, तिचा मुलगा व्हॅलेंटिनियन आणि मुलगी होनोरिया यांनी नवस फेडला, असा तो लेख. ज्या मोझेकवर तो होता ते १५६८ मध्ये पाडले गेले. आग्नेल्लुसने नक्कल केली नसती तर आपला एक मोठा पुरावा गेला असता. असा लेख दिसला की टिपून घेणारा माणूस गालाच्या थडग्यापाशी मात्र एकही अक्षर उतरवत नाही, लोकांच्या सांगण्यावर थांबतो. तिथे वाचण्यासारखे काही नव्हते, असा माझा तर्क आहे. पण तो तर्कच. शिवाय नाझारियसचे प्रार्थनागृह म्हणजे हीच वास्तू, असेही आग्नेल्लुस म्हणत नाही. पुढच्या काळात ही वास्तू संत नाझारियस आणि सेल्सस यांच्या नावाने ओळखली गेली, त्यावरून आपण मागे जाऊन ते जुळवतो.

विटांची साक्ष याहून भक्कम आहे. आज सुटी उभी दिसणारी ही वास्तू मुळात सांता क्रोचे, म्हणजे पवित्र क्रुसाच्या चर्चच्या प्रवेशदालनाला दक्षिण टोकाशी जोडलेली होती. ते चर्च गालाने बांधले, असे आग्नेल्लुस सांगतो. म्हणून ही वास्तू पाचव्या शतकाच्या दुसऱ्या पावातली आणि तिच्या आश्रयाने उभी राहिली असावी, हे बहुतेक अभ्यासक मानतात. इथपर्यंत जमीन टणक आहे. ती समाधी म्हणूनच बांधली की एखाद्या हुतात्म्याचे प्रार्थनागृह म्हणून, इथून पुढे पाय जपून टाकावा लागतो.

आत शिरल्यावर हा प्रश्न काही क्षण मागे पडतो. रावेन्नाची जमीन खचत गेल्यामुळे आतली फरशी मूळ पातळीपेक्षा जवळपास दीड मीटर वर आणावी लागली, त्यामुळे छत अपेक्षेपेक्षा फार जवळ येते. अरुंद खिडक्यांत अलाबास्टरचे पातळ तक्ते आहेत (ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे), त्यांतून मधासारखा उजेड झिरपतो. घुमट गडद निळा. त्यावर सोनेरी ताऱ्यांची वर्तुळे, मध्याकडे जाताना तारे लहान होत जातात, आणि केंद्रस्थानी सोनेरी क्रूस. दार उत्तरेला असले तरी हा क्रूस पूर्वेच्या दिशेने मांडलेला आहे. दाराच्या वर मेंढपाळाच्या रूपातला ख्रिस्त सहा मेंढरांत बसला आहे. बाजूच्या भुजांमध्ये हरणे पाण्याकडे येतात, ते बेचाळिसाव्या स्तोत्रावरून.

दारासमोरच्या, दक्षिणेच्या भिंतीवरचा अर्धवर्तुळाकार पट माझ्या मते सगळ्यांत बोलका आहे. मध्ये चाके असलेली लोखंडी जाळी, खाली धगधगता जाळ. उजवीकडून खांद्यावर क्रूस आणि हातात उघडे पुस्तक घेतलेला एक पुरुष तिच्याकडे झपाट्याने येतो आहे. डावीकडे दारे उघडलेले कपाट, त्यात चार शुभवर्तमाने, प्रत्येकावर नाव: मार्क, लूक, मत्तय, योहान. पुरुषावर मात्र नाव नाही. जाळीवर भाजून मारलेला रोमचा संत लॉरेन्स, अशी त्याची परंपरेने ओळख दिली जाते. पण लॉरेन्सच्या कथेत पुस्तकांचे कपाट कशाला? १९९० मध्ये गिलियन मॅकी यांनी सारागोसाचा डीकन संत व्हिन्सेंट सुचवला. तोही जाळीवर भाजला गेला, आणि कवी प्रुडेन्शियसच्या कथनात न्यायाधीश त्याच्याकडून दडवलेले धर्मग्रंथ मागतो. कपाटाचा उलगडा यात होतो. व्हिन्सेंट स्पेनचा, आणि गालाच्या आयुष्यातले एक मोठे दुःख स्पेनमध्येच घडले होते. नाव कोरलेले नाही तोवर ही ओळख सिद्ध म्हणता येत नाही, तरी मला ती लॉरेन्सपेक्षा अधिक पटते.

या पटाखाली सगळ्यांत मोठी दगडी शवपेटी आहे, ती गालाची समजली जाते. आणखी दोन सम्राटांच्या म्हणून दाखवतात. आग्नेल्लुसच्या त्या वाक्यात शवपेटी नाही. पेटीच्या भोकातून राणी खुर्चीवर बसलेली दिसे आणि १५७७ मध्ये मुलांनी आत पेटती मेणबत्ती घातल्याने सारे जळाले, ही कथा तर त्याच्याही कित्येक शतकांनंतरची.

गालाचा मृत्यू २७ नोव्हेंबर ४५० रोजी झाला, आणि तो रोममध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ती राजपरिवारासह रोममध्ये होती, हे पोप लिओच्या पत्रसंग्रहात टिकलेल्या तिच्या पत्रांवरून दिसते. होनोरियसने संत पेत्राच्या चर्चला लागून बांधलेले राजघराण्याचे समाधिस्थान तिथे तयार होते. प्रॉस्परच्या इतिवृत्ताची एक पुरवणी ४५० सालाखाली सांगते की प्लासिदिया, लिओ आणि सिनेटने थिओदोसियसला थाटामाटात नेऊन पेत्राजवळच्या समाधिस्थानात ठेवले. कोण हा थिओदोसियस? पूर्वेचा सम्राट दुसरा थिओदोसियस त्याच वर्षी वारला, पण तो कॉन्स्टँटिनोपलला पुरला गेला.

इथे इतिहासकार ऑलिम्पिओडोरस मदतीला येतो. त्याचा ग्रंथ नष्ट झाला आहे, फोटियसने नवव्या शतकात केलेला सारांश तेवढा उरला. त्यात आहे की गालाला गॉथ राजा अथाउल्फपासून थिओदोसियस नावाचा मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला आणि बार्सिलोनाजवळ चांदीच्या पेटीत पुरला गेला. पस्तीस वर्षांनी आईने तीच पेटी रोमला आणवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. पुरवणीत मुलाच्या वयाचा उल्लेख नाही, म्हणून दुवा तुटकाच राहतो.

शेवटचा कागद १४५८ सालचा, व्हिटेर्बोच्या निकोला देल्ला तुच्चाच्या इतिवृत्तातला. होनोरियसच्या त्याच समाधिस्थानात, तेव्हा ते संत पेट्रोनिलाचे चर्च झाले होते, जूनमध्ये एक संगमरवरी शवपेटी सापडली. आत चांदीने मढवलेल्या सुरूच्या लाकडाच्या दोन पेट्या, एक मोठी, एक लहान. दोन्ही देहांवर जरीची वस्त्रे. एका क्रुसाच्या खुणेपलीकडे लेख नाही. हा सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचा मुलगा, असे लोक म्हणू लागले. मोठ्या माणसाबरोबर तान्हे मूल, तेही चांदीत, हा मेळ गालालाच अधिक बसतो, कारण होनोरियसला मूलबाळ नव्हते. पण पडताळून पाहायला आज काही हाती नाही: पोप तिसऱ्या कॅलिक्स्टसने पेट्यांतले मौल्यवान धातू ताब्यात घेऊन टाकसाळीत पाठवले.