मशीन कोणत्या सालचं?

घरातला जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही असं कुणी सांगितलं, की मी आधी एकच प्रश्न विचारतो : मशीन कोणत्या सालचं? समोरचा जरा चक्रावतो. त्याला वाटतं मी 'दिवा लागतो का', 'पंखा फिरतो का' असं काहीतरी विचारेन. तेही विचारतो, पण नंतर. कारण माणसांच्या रोगांसारखे मशीनचे रोगही काळाप्रमाणे बदलत गेलेत. १९९१चं मशीन आणि २००२चं मशीन, दोन्ही बटण दाबल्यावर ढिम्म हलत नाहीत, पण दोघांचं दुखणं सर्वस्वी वेगळं असतं. साल कळलं की निम्मं निदान झालं म्हणून समजा.

मुळात कॉम्प्युटर 'सुरू होणं' हेच एक विचित्र प्रकरण आहे. डिस्कवरचा प्रोग्राम वाचायला आधी एक प्रोग्राम चालू असावा लागतो. मग तो पहिला कुठून आणायचा? म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर स्वतः बसण्यासारखं झालं. इंग्रजीत बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलण्याची म्हण आहे, त्यावरूनच 'बूट' हा शब्द आला. यावरचा तोडगा म्हणजे वीज गेली तरी न पुसणारी एक चिप. वीज आली की प्रोसेसर डोळे झाकून त्या चिपमधल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे लिहिलंय ते करतो. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, त्यात या चिपमधल्या मजकुराचं नाव होतं बायोस.

या बायोसची एक गोष्ट मला फार आवडते. तो कामाला लागण्याआधी घरातली सगळी मंडळी जागेवर आहेत ना हे बघतो. प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड, फ्लॉपी... आणि कुणी गैरहजर असेल तर तसं सांगतो. २०१ म्हणजे मेमरीत घोळ, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. पण पडद्यावर आकडे दाखवायला आधी पडदा तर चालायला हवा! तिथवर पोहोचण्याआधीच गाडी अडली तर? म्हणून शिट्ट्या. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं आलबेल. पुढे अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स या बायोसवाल्यांनी आपापल्या शिट्ट्यांच्या भाषा तयार केल्या. अवॉर्डची एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड, लांब शिट्टी पुन्हा पुन्हा वाजत राहिली तर मेमरी. आमच्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला फोनवर "जरा वाजवून दाखवा" म्हणायचा आणि तिकडूनच निदान करायचा. (कीबोर्ड सापडत नाही म्हणून थांबलेलं मशीन वर 'पुढे जायला एफ-१ दाबा' असंही सांगायचं, ही गंमत त्या काळातल्या सगळ्यांना आठवत असेल.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आयबीएमने या पीसीचं जे तांत्रिक पुस्तक विकलं, त्यात सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा अख्खा प्रोग्राम छापलेला होता. तो कॉपीराइटमुळे उतरवून घेता येत नव्हता, पण वाचता येत होता. कॉम्पॅकने १९८२मध्ये तेच काम करणारा बायोस मूळ मजकूर न बघितलेल्या माणसांकडून नव्याने लिहून घेतला, आणि १९८४पासून फिनिक्स तसा बायोस कुणालाही विकू लागली. त्यानंतर पीसी एका कंपनीचा राहिलाच नाही. दहा कंपन्यांचे दहा भाग आणून जोडले की झाला पीसी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत जी 'असेंबल्ड' मशीन्स जुळली, त्यांची पत्रिका ही अशी. जो जोडू शकतो तो उघडूही शकतो. म्हणून आपल्याकडे टीव्ही-रेडिओवाल्यांच्या पोरांनी पीसीला बिनधास्त स्क्रू-ड्रायव्हर लावला. असो.

आता रोगांकडे येऊ.

१९८४च्या आयबीएम एटीपासून मशीनमध्ये एक घड्याळाची चिप आली. तिच्यात घड्याळाच्या पोटाशी जेमतेम ५० बाइट मोकळी जागा, आणि त्यात मशीनची सगळी माहिती : हार्ड डिस्क कोणती, फ्लॉपी किती, मेमरी किती. ही माहिती टिकवायला सेल लागतो. नव्वदच्या दशकातल्या ३८६ आणि ४८६ बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या रंगाचा, पिंपाच्या आकाराचा निकेल-कॅडमियम सेल सोल्डर केलेला असायचा. मशीन रोज वापरलं की तो आपोआप चार्ज व्हायचा. पण मशीन माळ्यावर गेलं, दोनचार वर्षं पडून राहिलं, की सेल मरतो आणि मरताना पाझरतो. आतला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा खात जातो. कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. ४८६ किंवा त्याआधीचं मशीन असेल तर वीज जोडण्याआधी झाकण उघडून सेलभोवती हिरवट बुरशीसारखं काही दिसतं का ते बघायचं. दिसलं तर सेल कापून काढायचा आणि कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावून पुसायचं. क्षाराला आम्ल, शाळेतलंच रसायनशास्त्र.

पेंटियमच्या काळात हा पिंप जाऊन नाण्यासारखा सेल आला, सीआर२०३२. नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा सहसा पाझरत नाही, नुसता संपतो. मग मशीन दरवेळी तारीख विसरतं आणि हार्ड डिस्कही ओळखेनासं होऊ शकतं. लोकांना वाटतं डिस्क गेली. गेलेला असतो फक्त सेल, जो घड्याळजीकडेही मिळतो.

याच घड्याळाच्या चिपमध्ये वर्ष दोनच अंकी होतं, त्यातून निघालेलं वायटूकेचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. १ जानेवारी २०००ला घरचे बहुतेक पीसी बिनबोभाट सुरू झाले. काही जुन्यांनी १९८० साल दाखवलं एवढंच. त्या रात्री ज्याची भीती होती ते खरं तर आठ महिने आधी, २६ एप्रिल १९९९ला घडून गेलं होतं. सीआयएच नावाचा व्हायरस. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो १९९८मध्ये लिहिला, नावात त्याचीच आद्याक्षरं. चेर्नोबिलच्या अपघाताचीही तारीख २६ एप्रिल, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. हा विंडोज ९५ आणि ९८वर चालायचा, डिस्कचा सुरुवातीचा भाग शून्यांनी भरायचा आणि जमलं तर बायोसही पुसायचा. बायोस पुसता येतो ही सोय मुळात चांगल्या हेतूने केलेली. पूर्वी बायोस बदलायचा तर चिपच बदलावी लागे. फ्लॅश चिप आल्यावर तो घरबसल्या बदलता येऊ लागला. पण जे मालकाला घरबसल्या करता येतं ते चोरालाही करता येतं. अशा मशीनला बटण दाबल्यावर पंखा फिरायचा आणि बाकी काहीच नाही, शिट्टीसुद्धा नाही, कारण शिट्टी वाजवणाराच नाहीसा झालेला. मग दुरुस्तीवाले तसंच दुसरं चालू मशीन घ्यायचे, ते चालू असतानाच त्याची बायोसची चिप हळूच उपटायचे, जागी मेलेली चिप बसवून ती भरून घ्यायचे. ऐकूनच पोटात गोळा येतो, पण हे सर्रास चालायचं.

त्यानंतरची साथ फुगलेल्या कपॅसिटरांची. साधारण १९९९ ते २००७मधले मदरबोर्ड. प्रोसेसरच्या आजूबाजूला अॅल्युमिनियमच्या छोट्या डब्या उभ्या असतात, माथ्यावर फुलीसारखी खाच असलेल्या. काही उत्पादकांच्या डब्यांमधलं द्रावण सदोष होतं. त्यात पाण्याचा अंश जास्त आणि अॅल्युमिनियमला जपणारी द्रव्यं अपुरी. आत हायड्रोजन तयार व्हायचा, माथा फुगायचा, खाच फाटून तपकिरी चिकटा बाहेर यायचा. नामांकित कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. डेलने ऑप्टिप्लेक्स मशीन्सच्या या दुखण्यापायी २००५मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते. याचं लक्षण ओळखीचं आहे. मशीन पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही, तिसऱ्या-चौथ्याला होतं, आणि एकदा तापलं की दिवसभर चालतं. पुढे पुढे प्रयत्नांची संख्या वाढत जाते.

एक रोग मात्र सगळ्या काळांत सारखा, सांध्यांचा. मशीन तापतं-निवतं, धातू प्रसरण पावतो-आकसतो, आणि सॉकेटमध्ये बसवलेल्या चिपा कणाकणाने वर सरकतात. १९८०चा अॅपल थ्री यासाठी बदनाम झाला. त्यात पंखाच नव्हता, आणि मशीन काही इंच उचलून टेबलावर सोडा म्हणजे चिपा जागेवर बसतील, असा उपाय सांगितला जात असे. आपल्याकडचा उपाय जास्त सभ्य : रॅमची पट्टी काढायची, तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासायचे, चुरा पुसायचा आणि टक् आवाज होईपर्यंत परत बसवायची. पुष्कळ लोक याला टोटका समजतात. तो टोटका नाही. दातांवर चढलेला पातळ थर निघतो आणि पुन्हा घट्ट संपर्क होतो, इतकं सरळ आहे.

हे सगळं कामाला आलं ते आमच्या थोरल्या काकांच्या मशीनवर. नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच की काकांनी निवृत्तीनंतर आपला कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. १९९८ला त्यांनी असेंबल्ड पेंटियम घेतला आणि गावोगावची पत्रं, दप्तरं, लोकांच्या आठवणी असं सगळं स्वतः टाइप केलं. ते गेल्यावर मशीन माळ्यावर गेलं. काकू म्हणायच्या, "त्यांचं सगळं त्यात आहे, पण ते उघडत नाही." छापील प्रत नाही. चार फ्लॉप्या होत्या, त्या बुरशीने गेलेल्या.

साल १९९८, म्हणजे पाझरणारा सेल नसणार आणि फुगणारे कपॅसिटर अजून यायचे होते. सीआयएचची शक्यता होती. पण मशीनला इंटरनेट कधी लागलंच नाही आणि काका कुणाची फ्लॉपी आत घालू देत नसत. आधी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली. दुखणं काय ते कळेपर्यंत तिला वीज द्यायची नाही. एसएमपीएसच्या मागचं लाल बटण २३०वर आहे ना ते बघितलं. (एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट काही काळ राहू शकतात.) धूळ ब्रशने काढली, बटण दाबलं. लांब शिट्टी, थांबून पुन्हा लांब शिट्टी. काकू दचकल्या, मला मात्र हायसं वाटलं. बायोस जिवंत होता आणि मेमरी सापडत नाही म्हणून ओरडत होता. खोडरबर, टक्, आणि एक छोटी शिट्टी. मग सेल संपल्याची तक्रार पडद्यावर आली, तो बदलला.

इथे एक सांगतो. तुम्हाला मशीन नको असेल, नुसत्या फायली हव्या असतील, तर मशीन दुरुस्त करत बसूच नका. डिस्क काढा, आयडीईवरून यूएसबीला जोडणारा अॅडॉप्टर मिळतो तो लावा आणि फायली आजच्या मशीनवर उतरवा. मीही शेवटी तेच केलं. डिस्क घरघरत फिरली, फोल्डर दिसला, सगळ्या फायली आल्या.

आणि उघडल्यावर? इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर यांची खिचडी.

कारण तेव्हाचं मराठी टायपिंग. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण विंडोजमध्ये ती २०००च्या आवृत्तीपासून आली. त्याआधी प्रत्येक फॉन्टवाल्याने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्याला हवी तशी देवनागरीची चित्रं बसवली होती. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याचा 'श'. फायलीत मराठी नव्हतंच, ते फॉन्टमध्ये होतं. त्यातही काही सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डाँगल लागायचं, ते हरवलं की सॉफ्टवेअर उघडत नसे. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असं मशीन आहे त्यांनी नुसते 'माय डॉक्युमेंट्स' उतरवून डिस्क भंगारात देऊ नका. विंडोजच्या आतला फॉन्ट्सचा फोल्डर आधी घ्या.

काकांचा फॉन्ट त्यातच मिळाला. तो बसवल्यावर पहिलं पान उघडलं आणि काकूंनी चष्मा पुसून मूळ पुरुषाचं नाव मोठ्याने वाचलं. आता मजकूर युनिकोडमध्ये बदलायचं काम चालू आहे. बदलणाऱ्या प्रोग्रामला वेलांटी आणि रफार नीट जमत नाहीत, म्हणून छापून दिलेली दहाबारा पानं काकू रोज दुपारी तपासतात. चौथ्या पिढीपर्यंत आलोय. पहिली वेलांटी बऱ्यापैकी जागेवर येते, पण रफार अजून एका अक्षराने पुढे सरकलेला असतो, आणि आपल्या घराण्यात 'दुर्गा' नावाच्या बायका फार.