डीएनएचा साचा आणि नवे रेणू : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली आणि एक धागा दुसऱ्याचा साचा ठरतो, ही कल्पना रूढ झाली. विकरांच्या साहाय्याशिवाय साच्यावर संश्लेषण घडते का, याचा शोध लेस्ली ऑर्गेल यांनी १९६० च्या दशकापासून घेतला. १९९२ मध्ये सिडनी ब्रेनर व रिचर्ड लर्नर यांनी प्रत्येक रेणूस डीएनएची ओळखखूण जोडण्याचा प्रस्ताव मांडला.

हार्वर्डमधील डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २००१ पासून डीएनएचाच साचा वापरला. पूरक धाग्यांना जोडलेले अभिकारक एकमेकांजवळ येतात. त्यामुळे अतिविरल द्रावणातही अभिक्रिया घडते. २००४ मध्ये या गटाने ६५ बृहद्वलयी रेणूंचा संच तयार करून त्यातून कार्बोनिक अनहायड्रेज या विकरास बद्ध होणारा रेणू निवडला. जोडलेल्या डीएनएच्या प्रती वाढवून निवडलेला रेणू ओळखता येतो. म्हणून अत्यल्प द्रव्यही पुरते.

साच्याशी जुळणाऱ्या धाग्याचा कणा मात्र डीएनएचाच असावा लागतो का? १९९१ मध्ये कोपनहेगन येथे साखर-फॉस्फेटऐवजी पेप्टाइडसदृश कणा असलेले पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल निर्माण झाले. २००३ मध्ये लिऊ यांच्या गटाने त्याचे घटक डीएनएच्या साच्यावर सांधले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण एन. गणेश व वैजयंती कुमार यांनी या कण्यात वलये बसवली. सायक्लोहेक्झिल वलयाच्या विशिष्ट विन्यासामुळे असा धागा डीएनएपेक्षा आरएनएशी अधिक दृढपणे जुळतो, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले.

कणा बदलला तरी क्रम वाचला जातो. परंतु कोणाशी जुळायचे, हे ठरविण्यात कण्याचाही वाटा असतो. साच्याचा इतिहास केवळ अक्षरक्रमाचा मानला, तर पुण्यातील हे सेंद्रिय रसायन त्यातून वगळले जाईल.