विरारची गाडी थांबली तेव्हा

१८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली आणि आम्हां वसईकरांचे घड्याळ हळूहळू तिच्याशी जुळले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीस आला, तेव्हा काही महिन्यांत मुंबईची सुमारे निम्मी वस्ती शहर सोडून गेली. पुष्कळांना तारले ते आगगाडीनेच. साथ गावोगाव पोहोचली तीही तिच्यातूनच. स्थानकांवर डॉक्टर प्रवाशांना उतरवून गाठी तपासत. स्त्रियांच्या तपासणीवरून लोक फार संतापत.

२०२० च्या करोनात उलटे घडले. मार्चमध्ये गाडीच थांबली. १५ जूनला ती सुरू झाली, पण केवळ अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. परिचारिका बहीण लोकलने जाई, खाजगी नोकरीतला भाऊ एसटीच्या रांगेत तिष्ठत राही. जुलैत नालासोपाऱ्याला एसटीही न मिळालेले प्रवासी रुळांवर उतरले. ऑक्टोबरात स्त्रियांना मुभा मिळाली, ती सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि सायंकाळी सातनंतर. दहाला कामावर पोहोचायचे असलेलीने काय करावे, हे कोणी विचारले नसावे! १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पासावर प्रवास करता येऊ लागला. आमच्या धर्मग्रामातील काहींनी तोवर दुचाकी घेतली होती. ते विरारच्या गर्दीत परतलेच नाहीत.