फुलपुडी ते पुष्पगुच्छ : नदीकाठच्या गावात फूल कोणाच्या दारी जाते?

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटले असेल की ज्याने आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्याने फुलांच्या ऑर्डरीवर काय बोलायचे! पण बघा, रोजच्या व्यवहारात माणसे कोणाला काय देतात आणि कोणाला देत नाहीत, यातून समाजाचे जेवढे कळते तेवढे ग्रंथातून कळतेच असे नाही. म्हणून आपण आज एकच साधा प्रश्न घेऊ. नदीकाठच्या लहान गावात फूल घरपोच येते, ते कोणाच्या नावाने येते?

उदाहरणासाठी वाई घेऊ. कृष्णेच्या काठचे गाव. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे आळीआळीचे घाट, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, आणि थंडी सरताना घाटाघाटावर होणारा कृष्णाबाईचा उत्सव. अशा गावात फुलांना गिऱ्हाईक कमी पडण्याचे कारण नाही. पण ते गिऱ्हाईक कोण होते? बहुतेक वेळा देव.

जुनी व्यवस्था आठवा. गावगाड्यात गुरव हा बलुतेदार. देवाची पूजा, बेल, पत्रावळी ही त्याची कामे. माळ्याचे नाव अलुतेदारांच्या यादीत येते. या लोकांना मोबदला मिळायचा तो खळ्यावरच्या धान्यात. देवस्थानांना इनाम जमिनी असत. त्यांच्या उत्पन्नातून नंदादीप, नैवेद्य आणि फुले भागवायची. म्हणजे फूल विकत घ्यायची वस्तू नव्हती. ते गावाच्या देण्याघेण्यातच बसवलेले होते.

पुढे पैशाचा व्यवहार वाढला तशी फुलपुडी आली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली आहे. केळीच्या किंवा कर्दळीच्या पानात बांधलेली पुडी, आत थोड्या दूर्वा, तुळस, चार झेंडू, मंगळवारी जास्वंद, सोमवारी बेल. पहाटे फुलारी येणार, कडीला पुडी अडकवणार आणि पुढच्या दाराकडे जाणार. पैसे महिन्याचे. याला आपल्याकडे फार छान शब्द आहे : रतीब. दुधाचा रतीब, तसा फुलांचा रतीब. रतिबात रोज मागणी करावी लागत नाही. न आणायचे असेल तरच सांगावे लागते. फुलाऱ्याला प्रत्येक घर माहीत असते. कालची पुडी कडीला तशीच असली की तो शेजारी विचारतो, "काय हो, आजी कुठे गेल्यात का?"

आता या फुलांचे नियम बघा. वास घेतलेले फूल देवाला चालत नाही. शिळे चालत नाही. वाहिलेले फूल उतरवले की ते निर्माल्य, पायदळी येऊ द्यायचे नाही, म्हणून नदीत किंवा झाडाच्या बुंध्याशी. गीतेच्या नवव्या अध्यायात देव पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागतो, हे आपण कौतुकाने सांगतो. गरिबालाही परवडेल असे मागणे आहे, खरेच. पण हाच प्रश्न उलटा विचारून बघा. माणसाला फूल कधी मिळत होते?

माणसाला फूल मिळायचे ते त्याच्या पदाला. दरबारात अत्तर-गुलाब, पानसुपारी, हारतुरे. कोणाला आधी, कोणाला नंतर, हे मानाप्रमाणे ठरायचे. इंग्रजी अमलात गव्हर्नर आला तरी हीच रीत. सामान्य माणसाच्या गळ्यात हार पडायचा तो साधारण दोनदा : एकदा लग्नात, एकदा तिरडीवर. पहिल्या वेळी त्याला बघायला उसंत नसते आणि दुसऱ्या वेळी, असो.

बाईच्या बाबतीत फूल पदाशी आणखी घट्ट बांधलेले होते. गजरा, वेणी, हळदीकुंकवाला मिळणारे फूल, हे सगळे सवाष्णीचे. नवरा गेला की कुंकवाबरोबर फूलही गेले. विधवा बाई पहाटे उठून देवासाठी फुले वेचायची, सुईत दोरा ओवून सुंदर हार करायची. पण त्यातले एक फूल केसात घालायची तिला सोय नव्हती. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण हळदीकुंकवाच्या पाटापर्यंत काही कायदा पोचत नाही.

इथे कोणी म्हणेल, आमची फुले, आमच्या रीती; आणि तो बुके म्हणजे परकी गोष्ट. हा युक्तिवाद इतिहासात टिकत नाही, बरं का. दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध तिकडचाच. देवळाच्या आवारातला देवचाफासुद्धा अमेरिका खंडातला. समुद्रापलीकडून आली आणि आपण त्यांना देव्हाऱ्यात नेले. तेव्हा परके म्हणून काही वाईट ठरत नाही. फरक दुसरीकडे आहे, आणि तो देठात आहे.

आपले फूल देठाशिवाय तोडतात. हाराला, गजऱ्याला, देवाच्या मस्तकावर ठेवायला देठ नकोच असतो. युरोपातला गुच्छ हातात धरायचा आणि पाण्यात ठेवायचा, म्हणून त्याला लांब देठ लागतो. ऐकायला ही बारीक गोष्ट वाटते, पण तिने सगळी शेती बदलते. देठावर भाव ठरतो. कळी मिटलेली असताना कापायची, लगेच पाण्यात उभी करायची, दोन ते चार अंशांच्या थंडीत ठेवायची, वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या. परसातल्या जास्वंदीला यातले काही लागत नाही.

दुसरा फरक पत्त्याचा. बर्लिनमध्ये १९०८ साली आणि अमेरिकेत १९१० साली फुलवाल्यांनी एक युक्ती काढली. अमेरिकेत सुरुवातीला पंधरा दुकानदार एकत्र आले. फूल लांबच्या गावी पाठवले तर वाटेत मरते. मग फूल पाठवायचेच नाही, तार पाठवायची. या गावच्या फुलवाल्याने त्या गावच्या फुलवाल्याला तारेने कळवायचे, त्याने तिथलीच ताजी फुले बांधून घरी पोचवायची, हिशेब मागाहून. संदेश दुरून आणि फूल जवळचे, अशी ती कल्पना. आज मोबाइलवरून होते ते मुळात हेच. तारेची जागा फोनने घेतली, इतकेच.

आपल्याकडे तार होतीच. शुभेच्छांची ठरीव वाक्ये होती, त्यांना क्रमांक होते. क्रमांक सांगा, लग्नघरी वाक्य पोचते. पण तारेबरोबर फूल काही आले नाही. लहान गावात तारवाला दारात दिसला की आधी बायकांच्या काळजात धस्स व्हायचे. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तोवर तिची ती ओळख पुरती पुसली नव्हती.

फूल इकडे आले ते शेतीच्या वाटेने. १९८८ च्या बियाणे धोरणाने परदेशी रोपे आणणे सोपे केले. १९९१ नंतर निर्यातीसाठी हरितगृहे उभी राहिली. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे आणि मावळ हा गुलाबाचा मुलूख झाला. २००५-०६ पासून फलोत्पादन अभियानातून हरितगृहांना अनुदान मिळू लागले आणि जरबेरा, कार्नेशन ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी बसली. परदेशी जाऊन उरलेला माल पुण्याच्या मार्केट यार्डात, दादरच्या फूलबाजारात येऊ लागला आणि तिथून खंबाटकी ओलांडून लहान गावांत. ज्याच्या टोपलीत पूर्वी झेंडू आणि शेवंती असायची, त्याच्या बादलीत आता प्लास्टिकची टोपी घातलेला जरबेरा उभा असतो.

आणि ऑर्डर कोण देतो? बहुधा गावाबाहेरचा. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, आईवडील कृष्णाकाठी. पंचाहत्तरावा वाढदिवस असतो, येणे जमत नाही. फोन करून पैसे पाठवायचे आणि सांगायचे, "अकराच्या आत पोचव रे बाबा."

आमच्या परिचयातल्या एका काकूंचे सांगतो. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. देवाची फुलपुडी नेमाने येते, पण स्वतःला फूल नाही. एका वाढदिवसाला मुलाने बुके पाठवला. आणला कोणी? रोज फुलपुडी आणणाऱ्या पोरानेच. काकू म्हणाल्या, "अरे, देवाचे सकाळी दिलेस ना? मग हे कशाला?" तो म्हणाला, "आजी, हे देवाचे नाही, तुमचे आहे. चिठ्ठीवर नाव आहे बघा." त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. गुच्छ तांब्याच्या घागरीत घालून ओटीवर ठेवला आणि, हे त्यांनीच आम्हाला सांगितले, आधी त्याचा वास घेतला.

पन्नास-साठ वर्षे त्या हातांनी फुले हाताळली होती. वास घ्यायची मुभा असलेले ते त्यांचे पहिले फूल.

मार्सेल मोस या फ्रेंच विचारवंताचा दानावरचा निबंध १९२५ चा आहे. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचे काहीतरी शिल्लक राहते, असे तो मांडतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू की घेणाऱ्यालाही त्या वस्तूने एक जागा मिळते. काकूंना मुलाने माणूस म्हणून, स्वतःच्या नावाने, फूल दिले. सवाष्ण की विधवा, हे त्या चिठ्ठीने विचारले नाही.

हीच कृष्णा खाली वाहत जाते, नृसिंहवाडीला पंचगंगा तिला मिळते. त्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे यापुढे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठरावाने दार उघडते. दारातून आत काय न्यायचे, ते घराघराने ठरवायचे असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. गुच्छाने दोन गोष्टी मोडल्या. एक, नदीशी असलेले फुलाचे नाते. फुलपुडीचे पान, सोपटाचा दोरा, आतली फुले, सगळे मातीत विरायचे. गुच्छाखाली असतो तो हिरवा स्पंज, ज्यात देठ खोचतात. तो १९५४ मध्ये अमेरिकेत निघाला. रसायनाचा फेस आहे तो. त्याचा चुरा होतो, माती होत नाही. वरून चकचकीत कागद आणि रिबीन. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. पण सुकलेला गुच्छ 'फूलच आहे ना' म्हणून निर्माल्याबरोबर घाटावर जातो. तसे करू नका. स्पंज आणि कागद निर्माल्य नव्हेत.

दुसरी मोडलेली गोष्ट म्हणजे रतीब. ऑर्डर वर्षातून एकदा येते. पोच झाल्याचा फोटो मुलाला मिळतो, पण कडीला कालची पुडी लटकते आहे का, हे त्या फोटोत दिसत नाही. ते रोज येणाऱ्यालाच दिसते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आईला फूल जरूर पाठवा, आणि तिच्या नावाने पाठवा. पण ऑर्डर तिच्या दारी रोज जाणाऱ्या फुलाऱ्याकडे द्या. त्याला सांगा, स्पंज नको, कागद नको. निशिगंधाच्या काड्या, शेवंती, अ‍ॅस्टर, जे आज ताजे असेल ते केळीच्या पानात बांध. निशिगंधाला देठ चांगला लांब असतो, पाण्यात मजेत उभा राहतो. आणि वर्षातून एक दिवस बुके पाठवण्याऐवजी महिन्याचा रतीब लावता आला तर बघा : देवासाठी एक पुडी, आणि आईसाठी एक वेगळी. दोन पुड्या आहेत, एक तुमची आहे, एवढे मात्र त्याला रोज सांगायला सांगा.

इथे थांबतो. काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.