खराडीचा ‘ख’ : ठिपक्यांतून घडलेल्या देवनागरीविषयी

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण साधारणतः १८३१ सालच्या गणपत कृष्णाजींच्या शिळाछाप पंचांगापासून आरंभ करतो, जावजी दादाजींच्या निर्णयसागरापाशी बराच वेळ रेंगाळतो आणि ऑफसेट छपाईचा ओझरता उल्लेख करून विषय संपवतो. संगणकाला या इतिहासात स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळते. संगणक हे नुसते साधन आहे, अक्षर तेच राहिले आणि छापण्याची रीत बदलली, असा काहीसा समज त्यामागे असावा. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. बोरूने काढलेले अक्षर ही हाताच्या एका हालचालीची खूण असते; खिळ्याचे अक्षर हा धातूत ओतलेला एक आकार असतो. पडद्यावरचे अक्षर मात्र चौकटींच्या जाळीतील काही ठिपके उजळून आणि काही अंधारात ठेवून तयार होते. कोणता ठिपका उजळायचा हे कोणीतरी, कधीतरी ठरवलेले असते. त्या ठरवण्याचा परिणाम वाचनावर आणि पर्यायाने पाठावर होतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठी वसलेले खराडी हे गाव आता माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेरी इमारतींसाठी ओळखले जाते. तिकडे जाणाऱ्या बसच्या कपाळावर दिव्यांच्या पाटीत ‘खराडी’ हा शब्द उमटतो. अशी पाटी उंचीला सोळा ठिपक्यांची आहे असे धरून चालू. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांच्यासाठी वरचे तीन-चार ठिपके राखून ठेवावे लागतात. शिरोरेघेला एक ठिपका जातो. उकार-ऋकारांसाठी खाली तीन ठिपके सोडावे लागतात. अक्षराच्या मूळ देहाला उरतात जेमतेम आठ. रोमन अक्षर पाच गुणिले सात ठिपक्यांत व्यवस्थित बसते, आणि आरंभीची छपाईयंत्रे व पडदे त्याच मापाने घडले. देवनागरीचे मजले तीन. तिला त्या एकमजली घरात राहायला सांगितले गेले.

आता त्या आठ ठिपक्यांत ‘ख’ काढायचा आहे. ‘ख’ची डावी बाजू ‘र’सारखी आणि उजवी ‘व’सारखी. डाव्या भागाची शेपटी उजव्या भागाला खालून जाऊन मिळाली तर ‘ख’, न मिळाली तर ‘रव’. ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांतील घोटाळा लिपीसुधारणेच्या चर्चांत वारंवार येई, आणि विसाव्या शतकातील प्रमाणीकरणात ‘ख’चे खालून जोडलेले रूप त्याच कारणाने पुढे आले. छापील पुस्तकात हा जोड नीट दिसतो. ठिपक्यांच्या पाटीवर तो बहुधा एकाच ठिपक्यावर तोललेला असतो. तो ठिपका विझला की ‘खराडी’ची ‘रवराडी’ होते. याच शब्दातील ‘ड’ पाहा. त्याच्या उजवीकडे एक ठिपका दिला तर ‘ङ’ होतो. खाली दिला तर हिंदीतील नुक्तावाला ‘ड़’ होतो, जो मराठी लेखनात नाही. एका ग्रामनामात किती ठिपके निर्णायक आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

ठिपक्यांनी चित्र घडवण्याच्या या रीतीचा इतिहास फार जुना नाही. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र १७६ गुणिले १७६ चौकटींत उतरवले. संगणकात शिरलेल्या पहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. अशा चौकटीला ‘पिक्सेल’ हा शब्द १९६५ साली फ्रेड बिलिंग्स्ले यांच्या लेखनात छापून आला. मधल्या काळात, १९६३ मध्ये, आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर प्रकाश-लेखणीने रेघा काढू देणारी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली होती.

पण ठिपक्यांच्या जाळीवर तिरपी रेघ काढणे ही साधी गोष्ट नाही. दहा घरे आडवी आणि चार घरे उंच जाणारी रेघ घ्या. प्रत्येक पावलाला ती ०.४ घर वर चढते. अर्धे घर मात्र उजळता येत नाही. मग प्रत्येक पावलावर विचारावे लागते : खरी रेघ कोणत्या ठिपक्याच्या अधिक जवळ आहे? उत्तर मिळते ते असे : दोन ठिपके तळाशी, दोन एक पायरी वर, तीन त्याच्या वर, मग पुन्हा दोन आणि दोन. आयबीएममधील जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये हा निवाडा केवळ पूर्णांकांच्या बेरजेने आणि तुलनेने करण्याची रीत शोधली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक पावलावर साचलेली चूक मोजत जायची आणि ती मर्यादेबाहेर गेली की एक पायरी चढायची, इतकीच तिची युक्ती. आज चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये आपण रेघेचे साधन ओढतो तेव्हा आत याच जातीचे गणित चालते. पडद्यावरची तिरपी रेघ ही अशी चुकांची सुव्यवस्थित मांडणी असते.

आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. रांगोळीच्या ठिपक्यांना गणिती शिस्त आहे. दक्षिणेतील कोलमच्या आकृत्यांवर मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकशास्त्राच्या अंगाने केलेला अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झालेला आहे. तरी एक भेद लक्षात ठेवावा. रांगोळीत ठिपके रेघेला वाट दाखवतात आणि रेघ बोटांतून अखंड झरते. पडद्यावर रेघ म्हणून वेगळे काही नसते. ठिपक्यांची रांग हीच रेघ.

याचा देवनागरीवर झालेला परिणाम दुहेरी आहे. आडव्या आणि उभ्या रेघेला पायऱ्या पडत नाहीत. त्यामुळे शिरोरेघ आणि दंड ही आपल्या लिपीची दोन मुख्य अंगे जाळीवर सुखाने बसली. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कोणताही रुमाल उघडला तरी ही रीत दिसते. पडद्यावर एक अख्खी ओळ उजळून त्याखाली अक्षरे मांडणारा प्रोग्रॅम नकळत त्याच कारकुनाच्या वाटेने जातो. वळणांचे आणि तिरप्या रेघांचे मात्र हाल झाले. देवनागरीचा डौल तिरप्या कापलेल्या बोरूच्या जाड-बारीक रेघेत आहे. ठिपक्यांत सर्वांत बारीक रेघ एका ठिपक्याची. त्याहून जाड हवी तर ती एकदम दुप्पट. मधली पायरी नाही. निर्णयसागरासाठी ज्यांनी अक्षरांचे ठसे कोरले त्या राणोजी रावजी आरू यांच्या हाताला पोलादात केसाइतका फरक करण्याची मुभा होती. ठिपके मांडणाऱ्याला ती नव्हती.

या अडचणीतून वाट काढण्याचे जे प्रयत्न भारतात झाले त्यांत पुण्या-मुंबईचा वाटा मोठा आहे. देवनागरी संगणकावर आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८३ साली तेथे घडवलेले देवनागरी टर्मिनल लोकांसमोर आले. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी निगडित आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर हेच तंत्रज्ञान ‘जिस्ट’ या नावाने पुढे वाढले. साध्या पीसीत ‘जिस्ट’ कार्ड बसवले की इंग्रजीसाठी घडलेल्या पडद्यावर मराठी उमटू लागे. त्यामागील विचार महत्त्वाचा होता. यंत्राच्या स्मृतीत अक्षराचे चित्र साठवायचे नाही, वर्णांचा उच्चारक्रम साठवायचा; ‘क्’ला ‘ष’ मिळाला की ‘क्ष’चे ठिपके कसे मांडायचे हे यंत्राने ठरवायचे. याच तत्त्वावरील ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्या १९८८च्या आवृत्तीवर आधारली गेली. वर्ण वेगळा आणि त्याचे दृश्य रूप वेगळे, हा भेद आपल्या व्याकरणपरंपरेला अपरिचित नव्हता. यंत्राला तो आता शिकवला गेला.

रूपाची बाजू ज्यांनी सांभाळली त्यांत र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे नाव अग्रभागी येते. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते दृश्य-कवितेचे प्रयोग करणारे कवी म्हणून ठाऊक असतात. जाहिरात क्षेत्रात काम केल्यावर ते मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले आणि पुढे एनसीएसटी या संस्थेत भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवर त्यांनी काम केले. विंडोज २०००सोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच त्यांनी रेखला. कागदावर शब्दांची मांडणी हाच अर्थ मानणाऱ्या कवीने कोट्यवधी लोकांच्या पडद्यावरचे अक्षर घडवावे, ही आपल्या वाङ्मयेतिहासाने नोंदवायला हवी अशी गोष्ट आहे.

‘मंगल’च्या काळापर्यंत अक्षर थेट ठिपक्यांत साठवण्याची रीत मागे पडली होती. १९९१च्या सुमारास आलेल्या ट्रूटाइप तंत्रात अक्षराची कड वक्ररेषांनी वर्णिलेली असते आणि हव्या त्या आकारात ती जाळीवर उतरवली जाते. पण उतरवताना जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : अर्ध्या चौकटीवर पडणारी कड कोणत्या बाजूला ढकलायची? त्यासाठी अक्षराबरोबर सूचना द्याव्या लागतात. शिरोरेघ सगळ्या अक्षरांत एकाच ओळीवर यावी, ‘घ’ची शिरोरेघ सलग राहावी पण ‘ध’ची फट बुजू नये, अशा त्या सूचना असतात. ज्याला लिपी ठाऊक नाही त्याला त्या लिहिता येणार नाहीत. मराठीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्यांत अर्थभेद करणारे ‘र’चे पापणीसारखे रूप हिंदीला लागत नाही. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या संचात ते विसरले जाऊ शकते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात ती मराठीसाठी प्रमाण मानली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळण्यास २००८ साल उजाडले.

येथे असा आक्षेप संभवतो की हे सारे आता इतिहासजमा झाले. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर ठिपके इतके दाट असतात की डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत, आणि बोरूची जाड-बारीक रेघही तेथे परत आली आहे. आक्षेप अर्धाच खरा आहे. बसची पाटी आणि तिकिटाच्या यंत्रातील चिठ्ठी अजून मोजक्या ठिपक्यांतच लिहितात. आणि साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट अशी की आपली जुनी पुस्तके आता ठिपक्यांत रूपांतरित होत आहेत. ग्रंथालयातले जीर्ण पुस्तक स्कॅन होते म्हणजे त्याचे प्रत्येक पान ठिपक्यांच्या जाळीवर उतरते. मग अक्षर ओळखणारा प्रोग्रॅम त्या ठिपक्यांवरून मजकूर ‘वाचतो’. शाई फुटलेली असली, खिळा झिजलेला असला, की ‘ध’ची फट बुजते आणि ‘धन’चे ‘घन’ होते. ‘भाळ’ची ‘माळ’ होते, ‘ख’चा पुन्हा ‘रव’ होतो.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत या जोड्या आपल्याला परिचित आहेत. लेखकूने ‘भ’च्या जागी ‘म’ वाचला असेल काय, हा प्रश्न संपादक शतकभर विचारीत आले आहेत. आता लेखकूच्या जागी यंत्र आले आहे आणि त्याच्याही चुकांना नियम आहेत. लेखकूच्या चुका समजण्यासाठी आपण बोरू, शाई आणि मोडीचे वळण शिकतो. यंत्राच्या चुका समजण्यासाठी ठिपका आणि रेघ शिकली पाहिजे. ते न करता शोधपेटीत शब्द टाकून ‘या ग्रंथात हा शब्द आढळत नाही’ असा निष्कर्ष काढणारा प्रबंध धोकादायक ठरतो. शब्द तेथे असतो. एखादा ठिपका सांडलेला असतो.

म्हणून एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक छोटासा अभ्यास करून घ्यावा असे सुचवावेसे वाटते. १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला ‘पेंट’ हा प्रोग्रॅम आजही विंडोजच्या संगणकांवर असतो. त्यात सोळा गुणिले सोळा ठिपक्यांचे चित्र उघडावे, ते मोठे करून जाळी दाखवणारा पर्याय निवडावा आणि पेन्सिलीने, एकेक ठिपका ठेवीत, ‘ख’, ‘ध’, ‘भ’ आणि ‘ऱ्य’ ही चार अक्षरे काढायला सांगावी. चौथ्या अक्षराशी येईपर्यंत विद्यार्थ्याला कळलेले असते की पापणीला वळण द्यायचे तर ‘य’ला आक्रसावे लागते, आणि ‘य’ राखायचा तर पापणी नुसता एक ठिपका उरते. यांतले काय निवडले आणि का, हे त्याने दोन ओळींत लिहून द्यावे. अक्षररचनाकाराने पूर्वी असाच निवाडा केलेला असतो. फक्त त्याच्या दोन ओळी आपल्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात.