रत्नागिरीची निनावी माणसे

रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे २००१ साली ११३६ स्त्रिया होत्या, २०११ साली ११२२. त्याच वर्षी महाराष्ट्राचा आकडा ९२९ होता. एवढ्यावरून कोकणात मुलींचे स्वागत होते असे म्हणण्याचा मोह अनेकांना पडतो. पण जनगणनेच्या त्याच तक्त्यांतून सहा वर्षांपर्यंतची मुले वेगळी काढली, की मुलगेच अधिक भरतात. मुली येथे जास्त जन्मत नाहीत. पुरुष बाहेर जातात.

ते कोठे गेले, हे मुंबईच्या दप्तरात सापडते. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरात मुंबईला कामासाठी जाणाऱ्यांची नोंद आहेच. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. त्यांत रत्नागिरीत जन्मलेले सव्वा लाखाच्या घरात होते. शहरात हजार पुरुषांमागे सातशेही स्त्रिया नव्हत्या. हे दोन तक्ते शेजारी ठेवले, की गिरणगावातली खोली आणि गावाकडचे खळे एकाच संसाराचे दोन तुकडे आहेत हे कळते. (तुलना करताना एक पथ्य पाळावे: तेव्हाच्या जिल्ह्यात सिंधुदुर्गाचा काही भागही होता. तो वेगळा झाला १९८१ साली.)

हे सारे कळायला एकाही माणसाचे नाव लागले नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने भरलेली पत्रके गोपनीय ठरवली. ती पाहण्याचा हक्क कोणाला नाही, आणि त्या कायद्याखालचे खटले सोडले तर न्यायालयात ती पुरावा म्हणून चालत नाहीत. माणूस प्रगणकाला खरे सांगेल ही आशा या आश्वासनावरच उभी आहे. तरी नाव खोडले म्हणजे माणूस झाकला गेला, असे होत नाही. पाच घरांच्या वाडीत 'एकटी राहणारी वृद्ध विधवा' एवढे लिहिले, की ती कोण हे गावाला पुरते कळते. अभ्यासकाला मात्र वाडीपर्यंतच पोचायचे असते. तेव्हा किती बारीक तपशील उघडा करायचा, हा प्रश्न मला नाव खोडण्याहून कठीण वाटतो.

धोरणे आखणाऱ्यांची अडचण निराळी आहे. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ साठी जाहीर झाली. तोवर रिकाम्या होत जाणाऱ्या या गावांची मोजदाद २०११ च्या तक्त्यांवरूनच होत राहिली.